लॉर्ड वेदगंगा

निपाणीत प्रत्येक गल्लीला आपापला एक जाणता लागतो. एखादा पुढच्या हंगामात तंबाखूचा भाव कुठं जाणार ते छातीठोक सांगतो. दुसरा सीमाप्रश्नाच्या सुप्रीम कोर्टातल्या दाव्याचा निकाल सांगतो. २००४ साली दावा दाखल झाला तेव्हापासून दोघांचेही अंदाज सारखेच खरे ठरत आले आहेत. आमच्या गल्लीच्या वाट्याला अण्णा आले. अण्णा थेंबांचे जाणते.

आषाढात वीज गेली, की गल्लीच्या एका टोकाकडून "करेंट होत्री!" अशी कानडी आरोळी येते, दुसऱ्या टोकाकडून तिचा मराठी तर्जुमा येतो, आणि मग सगळे मेणबत्ती शोधायला लागतात. अण्णा मात्र ओसरीवर येऊन पागोळ्या बघत उभे राहतात.

"बघ मर्दा, किती करंट वाया चाललाय."

"कुठं अण्णा?"

"हितं की! पागोळीचा थेंब डबक्यात मिसळतोय न्हवं? मिसळला की सुटला करंट. खरं, धरायला माणूस न्हाई."

धरणारा माणूस अर्थात बनियनवर समोरच उभा असतो. त्याच्या कानावर पेन्सिल असते आणि हातात टेस्टर. टेस्टर ते जेवतानासुद्धा जवळ ठेवतात. अण्णांच्या तोंडून "थेंब पडला" असं कधी यायचं नाही. पडतो तो आंबा, पडतं ते सरकार; थेंब मिसळतो.

त्यांचा जन्म १९५६चा. त्याच साली १ नोव्हेंबरला राज्यं नव्यानं आखली गेली आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. निवृत्त झाले २०१४ साली, आणि त्याच नोव्हेंबरात बेळगावचं सरकारी कागदोपत्री बेळगावी झालं. म्हणजे आले तेव्हा राज्य बदललं आणि बाहेर पडले तेव्हा जिल्ह्याचं नाव. मधली सगळी वर्षं त्यांनी पलीकडच्या बाजूच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून काढली. ज्यांना हा मुलूख माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: निपाणीची वस्ती संपते तिथं अर्जुननगर लागतं, आणि अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. आमची पोरं कर्नाटकात नाष्टा करून महाराष्ट्रात शिकायला जातात आणि जेवायला परत कर्नाटकात येतात. अण्णाही रोज सकाळी सायकलवरून राज्य ओलांडत. "इतकी वर्षं सीमा वलांडली, खरं, एकदाबी अंगाला झिणझिण्या आल्या न्हाईत," ही त्यांची जुनी तक्रार. ज्या रेषेसाठी मोर्चे निघाले, महाजन आयोग बसला, माणसं तुरुंगात गेली, ती रेषा सायकलच्या चाकाला कळतसुद्धा नाही, हे त्यांना मनापासून खटकायचं.

झिणझिण्या अखेर आल्या त्या प्रयोगशाळेत, पाऱ्याच्या थेंबापाशी.

प्रयोग साधा होता. काचेच्या भांड्यात तळाला पारा, त्यावर मिठाचं पातळ पाणी, आणि वरून पाण्यात बुडालेली एक बारीक नळी. नळीच्या तोंडाशी पाऱ्याचा थेंब फुगायचा, सुटायचा, पाण्यातून खाली यायचा आणि तळच्या पाऱ्यात नाहीसा व्हायचा. वरचा पारा आणि खालचा पारा तारेनं जोडून मध्ये गॅल्व्हानोमीटर ठेवलेला. बॅटरी कुठंच नाही. तरी काटा सरकला. अण्णांचं काम भांडी धुण्याचं, सांडलेल्या पाऱ्यावर गंधकाची पूड टाकून तो गोळा करायचं; काटा का सरकला हे विचारायचं नव्हे. त्यांनी विचारलं. प्राध्यापकही भला माणूस, त्यानं सांगितलं.

पारा आणि खारं पाणी एकमेकांना टेकतात तिथं विजेचे भार दोन रांगा करतात. पाऱ्याच्या अंगाला एक जात, पाण्याच्या अंगाला तिच्या उलट जात. अंतरपाट धरल्यावर दोन्हीकडचे वऱ्हाडी समोरासमोर उभे राहतात तसे. थेंब फुगायला लागला की त्याचा पृष्ठभाग वाढतो. नव्या जागेवर उभे राहायला नवे भार लागतात आणि ते तारेतून येतात. थेंब तळच्या पाऱ्यात मिसळला की तेवढा पृष्ठभाग गेला. रांगेतल्यांना उभं राहायला जागाच उरत नाही. ते मोकळे होतात आणि तारेची वाट धरतात. थेंब येत आहेत तोवर ही ये-जा चालू. मिलिमीटरभर त्रिज्येचा थेंब सेकंदाला एक, या हिशेबानं मिळणारा प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा लागतो, म्हणजे अँपिअरच्या दहा लाखाव्या भागांत. जर्मनीच्या हेल्महोल्ट्झनं आणि फ्रान्सच्या लिपमननं एकोणिसाव्या शतकात या कोड्यात डोकं घातलं होतं. पुढं प्रागच्या हेरोव्स्कीनं १९२२ साली ह्याच टपकत्या पाऱ्यावरून द्रावणात काय काय विरघळलंय ते ओळखायची रीत काढली आणि १९५९चं नोबेल मिळवलं.

"थेंबावर नोबेल, मर्दा! आनि आमी आपलं गंधक टाकून पुसतोय."

एवढ्या शास्त्रातून अण्णांनी स्वतःपुरतं एकच वाक्य उचललं: सीमा मिटली की करंट सुटतो. सीमाभागात जन्मलेल्या माणसाच्या हाती असलं वाक्य लागू देऊ नये. त्या दिवसापासून ते कामातून गेले.

निवृत्तीनंतर पारा हाताशी राहिला नाही, आणि ते बरंच झालं. पाऱ्याची वाफ माणसाला सुखानं म्हातारं होऊ देत नाही. मग अण्णा पाण्याकडं वळले, आणि पाण्याच्या वाटेवर त्यांना भेटले लॉर्ड केल्विन. केल्विनसाहेबांनी १८६७ साली थेंबांपासून वीज काढायचं यंत्र मांडलं, तेव्हा ते लॉर्ड नव्हते, विल्यम थॉमसन होते. १८९२ साली सरदारकी मिळाली तेव्हा त्यांनी ग्लासगोच्या विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन नावाच्या लहान नदीचं नाव घेतलं. हे कळल्यावर अण्णा दोन दिवस खुशीत होते. "मानूस पाण्याचा! नदीचं नाव लावलं. आमच्याकडं असता तर लॉर्ड वेदगंगा झाला असता." गल्लीतल्या पोरांना एवढं पुरलं. अण्णा तेव्हापासून लॉर्ड वेदगंगा आहेत, आणि हाक मारली की ओ देतात.

केल्विनचं यंत्र अण्णांनी असं उभं केलं. माळ्याच्या तुळईला टांगलेली कळशी. तिच्यातून मेडिकलमधून आणलेल्या सलाईनच्या दोन नळ्या. त्यांची फिरकी फिरवून थेंबांचा वेग ठरवायचा. प्रत्येक नळीखाली तांब्याचं एक कडं, कड्याखाली डालड्याचा जुना डबा, डब्याखाली मेणाची जाड वडी, म्हणजे वीज जमिनीत पळणार नाही. खरी मेख तारेत. डावं कडं उजव्या डब्याला जोडायचं, उजवं कडं डाव्या डब्याला. कुठल्यातरी एका डब्यावर नकळत चिमूटभर भार असतोच. तो त्याच्या जोडीच्या कड्यावर जातो. ते कडं आपल्यातून जाणाऱ्या थेंबांवर उलटा भार चढवतं. ते थेंब दुसऱ्या डब्यात मिसळतात, त्यामुळं दुसरं कडं आणखी चेकाळतं. दोन्ही डबे एकमेकांना चढवत बसतात आणि बघता बघता काही हजार व्होल्ट जमतात. जीव घेण्याइतका भार त्यात नसतो, पण ठिणगी पडते.

कडी कशाची करावी यावरून घरात पहिलं भांडण झालं. सोनं विजेला चांगलं, म्हणून अण्णांनी बायकोकडं, म्हणजे आमच्या वैनींकडं, पाटल्या मागितल्या. वैनींचं माहेर संकेश्वरचं. तिकडच्या बायका अशा प्रश्नाला उत्तर देत नाहीत, नुसतं बघतात. अण्णांनी मोटर रिवायंडिंगच्या दुकानातून तांब्याची तार आणली.

पुढची दोन वर्षं यंत्र चाललं नाही. कारण शास्त्रीय आहे आणि फार दुष्ट आहे. पावसाळ्यात थेंब हवे तेवढे, पण हवा ओली. जमलेला भार मेणावरच्या ओलीतून निसटून जातो. उन्हाळ्यात हवा खडखडीत कोरडी, पण नळाला पाणी आठवड्यातून एकदा, आणि त्या दिवशी कळशी प्रयोगाला मागायची कुणाची छाती? निसर्गानं थेंब आणि कोरडेपणा यांना एकाच ऋतूत येऊ द्यायचं नाही असा जणू ठरावच केला होता. असे ठराव आमच्याकडं फार होतात, फक्त ते पाळणारा निसर्ग एकटाच.

मधल्या काळात अण्णा गोकाकला जाऊन आले. जर्मनीच्या फिलिप लेनार्डनं १८९२ साली धबधब्यांच्या विजेवर निबंध लिहिला: पाणी आपटून फुटलं की बारीक तुषारांबरोबर ऋण भार हवेत जातो आणि धन भार मोठ्या थेंबांपाशी राहतो. (हाच लेनार्ड १९०५चं नोबेल घेऊन पुढं हिटलरच्या भजनी लागला आणि आइन्स्टाइनच्या नावानं बोटं मोडत बसला. अण्णा त्याला माफ करत नाहीत, पण निबंध सोडत नाहीत.) आता बेळगाव जिल्ह्यात लेनार्ड म्हटल्यावर माणूस दुसरीकडं कुठं जाणार? घटप्रभा तिथं १७० फुटांवरून उडी घेते. त्याच पाण्याच्या जोरावर तिथली गिरणी १८८७ सालापासून चालली, आणि देशातली पहिली पाण्याची वीज आमच्याकडं झाली असं गोकाकची माणसं आजही सांगतात. दार्जिलिंगवाले ते मान्य करत नाहीत. आणखी एक सीमावाद.

अण्णांनी लोणच्याच्या बरणीत चॉकलेटच्या चांदीची दोन पानं टांगून विद्युतदर्शी बनवला, तो मांडीवर घेऊन चिकोडीमार्गे एसटीनं गोकाक गाठलं आणि भर ऑगस्टात झुलत्या पुलावर जाऊन उभे राहिले. हवेत भार होता की नाही ते बरणीला कळायच्या आत चांदीची पानं भिजून एकमेकांना चिकटली. अण्णाही भिजले. संध्याकाळी घरी आले ते शिंकत, हातात एक पुडा घेऊन.

"करंट आनायला गेले आनि करदंट घिऊन आले," वैनी म्हणाल्या. करदंट चांगला होता. गोकाकला हात हलवत कुणी परत येत नाही.

२०२० साली हाँगकाँगच्या संशोधकांची बातमी आली तेव्हा अण्णांना वाटलं, आपली फाइल कुणीतरी फोडली. वांग झुआनकाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ सेंटिमीटर उंचीवरून १०० मायक्रोलिटरचा, म्हणजे चांगला टपोरा, पाण्याचा एक थेंब टेफ्लॉनच्या पापुद्र्यावर पाडला आणि १४०च्या वर व्होल्ट मिळवले. १०० बारके एलईडी क्षणभर लागले. अण्णांनी ते कात्रण लॅमिनेट केलं. एका थेंबाला १०० दिवे, तर आषाढातल्या एका रात्रीला किती, हा हिशेब त्यांनी दुकानदारापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना घातला. "क्षणभर" हा शब्द लॅमिनेशनच्या घडीत गेला होता. घरात टेफ्लॉन एकाच वस्तूवर होतं, ती वैनींचा नॉनस्टिक तवा. तो गच्चीवर गणपतीच्या दिव्यांच्या माळेला जोडलेला सापडला. दिवे लागले नव्हते. त्या रात्री भाकरी शेजारच्या घरातून आल्या.

आणि मग तो नोव्हेंबर आला. दिवाळीची सुटी होती, हवा कोरडी पडायला लागली होती, नळालाही पाणी होतं. दोन दिवस आधी माळ्याखाली टिक् आवाज झाला आणि दोन डब्यांमध्ये टांगलेला टेस्टरचा निऑन दिवा लुकलुकला. अण्णांनी रात्रभर झोप न घेता जाहीर प्रात्यक्षिक ठरवलं आणि गल्लीच्या तोंडाच्या फळ्यावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: "विलीनीकरणातून करंट! १ नोव्हेंबर, सकाळी १० वाजता. बहुसंख्येनं उपस्थित राहा."

जगात कुठंही हा मजकूर निरुपद्रवी ठरला असता. निपाणीत १ नोव्हेंबरला एका बाजूला कर्नाटकाचा राज्योत्सव असतो, दुसऱ्या बाजूला मराठी मंडळींचा काळा दिवस, आणि 'विलीनीकरण' हा शब्द थेंबांसाठी नव्हे, महाराष्ट्रात जाण्यासाठी वापरतात. अण्णांच्या हे डोक्यातच आलं नाही. जन्मभर सीमेवर राहिलेल्या माणसाच्या डोक्यात हे येऊ नये, एवढं त्यांचं डोकं थेंबात गेलं होतं.

दहा वाजता माळ्याखाली पोरंटोरं, शेजारच्या बायका, काळ्या फिती लावलेले दोन वयोवृद्ध कार्यकर्ते आणि साध्या वेशातला एक तरुण पोलीस अशी सभा भरली. साधा वेश आम्ही लांबूनच ओळखतो. इस्त्री फार कडक असते. कार्यकर्ते पहिल्या रांगेत बसले, पोलीस मागं वही काढून उभा राहिला. अण्णांनी नमस्कार केला आणि सुरुवात केली, "सीमा मिटल्याशिवाय करंट सुटत न्हाई!" वृद्धांनी टाळ्या वाजवल्या. पोलिसानं लिहून घेतलं.

मग फिरक्या सैल झाल्या. थेंब कड्यांतून जाऊ लागले. मिनिटाभरात निऑन लुकलुकला, पोरं ओरडली, अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि थेंब बिथरले. डब्यात भार फार साठला, की त्याच जातीचा भार घेऊन येणाऱ्या थेंबाला डबा आत घेत नाही. थेंब वाकडे होऊन बाहेर उडतात, काही तर उलटे कड्याकडं वळतात. केल्विनच्या यंत्राचा हा ठरलेला स्वभाव. पहिल्या रांगेवर बारीक शिंपण सुरू झालं. अण्णा आनंदानं समजावू लागले, की एकाच जातीचे भार एकमेकांना ढकलतात. एकाच मागणीसाठी किती गट होऊ शकतात हे जन्मभर पाहिलेल्या त्या दोन वृद्धांना यासाठी केल्विनची गरज नव्हती. त्यातला एक चष्मा पुसत म्हणाला, "हे कळलं. ठराव कवा मांडनार?"

पोलिसाची वही भिजली होती. ती मिटून तो पुढं आला, वाकून तारा बघितल्या, डब्याखालचं मेण बघितलं. पीयूसी सायन्स झालेला असावा, कारण त्या सभेतला एकमेव शहाणा प्रश्न त्यानं विचारला. "सर, एनर्जी एल्लिंद बरतैती री?" ही शक्ती येते कुठून?

अण्णा बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात दारातून वैनी कानडीतच म्हणाल्या, "नन्न नडदिंद्री." माझ्या कमरेतून.

कारण माळ्यावरची ती कळशी रोज शिडीनं चढवून भरत होत्या त्या. आणि भौतिकशास्त्रात याहून अचूक उत्तर नाही. कडी, डबे, पृष्ठभाग, मिटणाऱ्या सीमा हे सगळं खरं, पण थेंब खाली येताना विजेच्या ओढीविरुद्ध जी मेहनत करतो ती त्याला उंचीनं दिलेली असते, आणि उंची त्याला कुणीतरी कमरेवर घेऊन दिलेली असते. पोलीस हसला, वैनींना नमस्कार केला, चहा घेतला आणि गेला. काय अहवाल दिला देव जाणे.

बेळगावला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या नातीनं संध्याकाळी कागदावर हिशेब करून दिला. एक लिटर पाणी एक मीटर खाली आलं तर मिळतात जेमतेम ९.८ जूल. विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. म्हणजे एका युनिटसाठी एक मीटरवरून सुमारे ३ लाख ६७ हजार लिटर पाणी थेंबथेंब उतरवावं लागेल, तेही त्यातला एक कणसुद्धा वाया गेला नाही तर. पंधरा लिटरची कळशी धरली तर २४ हजारांवर खेपा. वैनींनी आकडा दोनदा विचारून घेतला आणि शिडी उचलून माहेरच्या एका नातेवाइकाला देऊन टाकली.

दरम्यान, अण्णांवर खरा घाव सरकारनं घातला होता. २०२३ साली कर्नाटकात गृहज्योती योजना आली. घरगुती वीज महिन्याला २०० युनिटांपर्यंत फुकट. ज्या फुकट विजेसाठी अण्णांनी आयुष्याची उमेद वेचली ती एका अर्जावर सगळ्या गल्लीला मिळाली. अण्णांच्या घरचं बिल शून्य झालं. कागलचा मेहुणा फोन करून चिडवायचा, "दाजी, आमाला महाराष्ट्रात बिल येतंय आनि तुमी म्हनताय सीमा मिटवा?" अण्णांनी दोन महिने त्याचा फोन घेतला नाही.

पण संशोधक खचत नाही. खचतात ती त्याच्या घरची माणसं. शिडी गेली, कमर संपावर गेली, तेव्हा अण्णांनी अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर बसवली. आता गृहज्योतीच्या फुकट विजेवर मोटर पाणी माळ्यावर चढवते, माळ्यावरून ते थेंबाथेंबानं उतरतं आणि खाली टेस्टरचा दिवा लुकलुकतो. योजनेची एक अट आहे: आपल्या आधीच्या सरासरी वापरावरून ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलात, तर वरच्या युनिटांचं बिल तुमचं. गेल्या महिन्यात ते आलं.

वैनींनी कागद त्यांच्यापुढं धरला. "ह्ये बगा तुमच्या थेंबांनी काय केलंय."

अण्णांनी चष्मा लावला, आकडा नीट वाचला, माझ्याकडं वळले.

"बघ मर्दा. पयल्यांदाच मीटरवर आलं."